ओकबुननं खाल्लेलं तिखट

टेकडीवरच्या अनाथाश्रमातल्या ओकबुनला महारोग झालाय, ही बातमी कोरियातल्या मोक्पो बंदराच्या मासळीबाजारात आणली म्योंगजाकाकूंनी. त्या कालवं सोलायच्या. त्यांच्या पोटात कालव टिकेल, बातमी टिकायची नाही. "या डोळ्यांनी बघितलं हो! ओठ असे फुगलेत, जशी काही पाण्यात कुजलेली गोगलगाय." दुपारपर्यंत अनाथाश्रमाच्या वाटेवर चिटपाखरू उरलं नाही.

रोगबिग काही नव्हता. त्या आठ वर्षांच्या पोरीनं तिखटाचे बकाणे भरले होते.

झालं असं. आश्रमात किमची, म्हणजे हिवाळ्यासाठी कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस होता. अंगणात खारवलेल्या कोबीचे ढीग, मागं जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले रांजण. स्वयंपाकीण पानसुनआजी तिखटानं माखलेल्या पानात कालव गुंडाळून एकेका पोराच्या तोंडात कोंबत होती. ओकबुनची पाळी आली, तशी आजीनं पान टोपातल्या पाण्यात विसळलं. पुन्हा विसळलं. पांढरंफटक झाल्यावर तिच्या हातावर ठेवलं.

सगळी पोरं त्या पानाकडे बघायला लागली.

गेल्या हिवाळ्यात आश्रमातल्या थेसूलाही असंच धुतलेलं पान मिळालं होतं. मग रोज दूध, मग केस कापले, मग फोटो. आणि एका सकाळी टेकडीखाली गाडी येऊन उभी राहिली. दत्तक घेणाऱ्या समुद्रापलीकडच्या आईबापांना तिखट सोसत नाही म्हणे, म्हणून जाणाऱ्याची जीभ आधी तयार करायची. थेसूचे रबरी बूट त्याच दिवशी दुसऱ्याच्या पायात दिसले.

"आजी, माझंच पान का धुतलं?"

"तुझा घसा बसलाय."

"नाही बसलेला."

"मग बसेल. खा गुमान." आजीनं मान वर केली नाही.

ओकबुन कागदावर अनाथ असेल, तिच्या लेखी तिला आई होती. बाजारात म्योंगजाकाकूंच्याच पाटीशेजारी तिला उभं करून, हातात भाजलेलं रताळं देऊन आई म्हणाली होती, "किमचीच्या दिवसांत येते. इथून हलू नकोस." ते रताळं कधीच संपलं, आणि तिला तिथून उचलून आश्रमात आणलं गेलं. आई आली आणि आपणच नसलो तर? तोंड सुजलं की फोटो नाही, फोटो नाही की गाडी नाही. म्हणून ते बकाणे.

फोटोवाला खरंच आल्या पावली परत गेला. संचालक ह्वांगसाहेब मात्र रागावले नाहीत, आणि पोरांना धडकी भरली ती त्यानंच. त्यांनी ओकबुनची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि गोड हसले. "सूज काय, उतरतेच. आपल्याला कुठं घाई आहे?"

संध्याकाळी तिखटाच्या बरणीला कुलूप लागलं. ओकबुन रोज पाण्यात तोंड बघायची, दातांनी ओठ चावायची. पण ओठच फितूर निघाले. बरे झाले. मग केस कापले. मग फोटो निघाला. रांजणातली किमची आंबून खाण्याजोगी झाली, तरी टेकडी चढून तिची आई काही आली नाही.

गाडी यायची होती त्या सकाळी म्योंगजाकाकू कालवांची पाटी घेऊन वर गेल्या. कालवं निमित्ताला. फाटकाशी ओकबुन उभी, पायांत कोरे पांढरे मोजे.

"अगंबाई, रोग पळाला वाटतं! नशीब काढलंस हो पोरी. लोणी खाशील, गादीवर लोळशील. मग कुठली आठवते म्योंगजाकाकू!"

खाली धुक्यात गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला. पानसुनआजी झाडलेलंच अंगण पुन्हा झाडायला लागली. ओकबुननं गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. ती काकूंना म्हणाली,

"काकू, तुम्हाला सगळ्यांचं सगळं आधी कळतं. मला कुठं नेतायत तेवढं शोधून काढा, आणि आई आली की सांगा तिला. माझा रोग सांगितलात ना, तसंच. अख्ख्या बाजारभर."