मंडळाचा फॉर्मल किल्ट

ग्लासगोच्या आमच्या मराठी मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षांचा मला अजूनही राग येतो. एका दिवाळीला त्यांनी फतवा काढला की पुरुषांनी किल्टच, म्हणजे तो स्कॉटिश पुरुषांचा चौकड्यांचा घागराच घालायचा, आणि तोही फुल फॉर्मल. काळं जाकीट, चकचकीत बटणं, बो टाय, सगळं भाड्याने. ज्या माणसाने पुण्यात कधी धोतर नेसलं नव्हतं, तो आम्हाला स्कॉटिश रीत शिकवणार!

मी माझ्या शेजाऱ्याला बरोबर नेलं. रिटायर्ड बस ड्रायव्हर, अस्सल स्कॉटिश. वडिलांचा जुना किल्ट, वर बायकोने विणलेला स्वेटर आणि पायात जाड बूट. त्याच्या गावात नाचगाण्याला सगळे असेच जातात म्हणाला.

अध्यक्षांनी त्याला दारातच अडवलं. "स्वेटर चालणार नाही. सांगा यांना, किल्टचा काही मान असतो." तेही त्याच्या तोंडावर, मराठीत. माझं डोकंच फिरलं. "पाहुणे आहेत माझे," एवढंच म्हणून मी त्याला आत घेऊन गेलो.

आत गेल्यावर शेजारी माझ्या कानाशी लागला. किल्टच्या चुण्या मागे यायला हव्यात, म्हणाला. मी वळून पाहिलं. अध्यक्षांनी त्या नऊवारीच्या निऱ्यांसारख्या पुढे घेतल्या होत्या. बिचारा शेजारी त्यांना हळूच सांगायला निघाला. मी त्याचा स्वेटर धरून त्याला मागे खेचलं.

"थांब," म्हटलं, "आधी स्टेजवरचा ग्रुप फोटो होऊ दे."