मामाचे चार रेझिस्टर

शेवटचं भेटलो तेव्हा मामा म्हणाला होता, “बोट लाव इथं. घाबरतेस काय, बंद केलाय मी!” खांदा कॉलनीतल्या त्याच्या घरी खिडकीजवळच्या टेबलावर अँप्लिफायर उघडा पडलेला, आणि मी एकेका रेझिस्टरला बोट लावून बघत होते. चारही सारखेच कोमट. मामा एकदम खूश! मग काही दिवसांनी आईचा फोन आला... मामाला अ‍ॅटॅक आला, हॉस्पिटलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दीड महिना झाला, मला अजून खरंच वाटत नाही.

मामा मूळचा समुद्रकाठच्या करंजाचा. घरातले सगळे होडीवर जाणारे, हा पोर्टात नोकरीला लागला, पण जीव सगळा साउंडमध्ये! गावात कोणाच्या लग्नाची हळद असली की अँप्लिफायर याचाच. आणि एक खोड होती त्याची. जिथे बाकीचे एकच जाडा रेझिस्टर लावतात, तिथे हा शेजारी-शेजारी चार बारीक लावायचा. म्हणजे करंट चौघांत वाटला जातो, उष्णता पण वाटली जाते. हळदीत आवाज फुल, तासन् तास, कोणी थांबतच नाही. एकटा रेझिस्टर असला तर त्याचा कोळसा होतो. मी विचारलं होतं, एवढा खटाटोप कशाला? तर म्हणे, “एकटा मानूस जाळं ओढतो काय?”

मामी चिडवायची, “एकाचं काम चौघांना देतोस, सरकारी हापिस हाय काय?” मामा लगेच, “म्हनून तर तिथं कोन मरत नाय!” किती हसायचो आम्ही यावर...

तो गेल्यावर कॉलनीतले डॉक्टर घरी भेटायला आले, तेव्हा कळलं. मामाच्या छातीत कितीतरी महिने दुखत होतं. मोठ्या हॉस्पिटलला जा, असं त्यांनी सारखं सांगितलेलं. पण घरी कोणाला कळू द्यायचं नाही, असं मामानेच त्यांना बजावलं होतं. आम्हाला म्हणायचा, अ‍ॅसिडिटी हाय. इतका राग आला मला त्याचा! अँप्लिफायरमध्ये चार-चार लावतोस, आणि स्वतः मात्र...

त्या अँप्लिफायरच्या दुसऱ्या स्पीकरच्या बाजूचं काम राहिलं होतं. तीन रेझिस्टर लावून झालेले, चौथा टेबलावर तसाच. मामी कोणाला टेबलाजवळ फिरकू देत नव्हती. गेल्या रविवारी स्वतःच म्हणाली, “लाव तो. तुला शिकवलंय ना त्यानं?” वितळलेलं सोल्डर आधी भलतीकडेच सांडलं माझ्याकडून! पण झालं. गाणं लावलं, दोन्ही स्पीकर वाजले. मामी पलंगावर डोळे मिटून बसली होती.

बंद केल्यावर ती उठून आली. इतक्या वर्षांत तिने त्या टेबलावरच्या कशालाच कधी हात लावला नव्हता. पदराला हात पुसला आणि एकेकाला बोट लावत गेली. चौथ्यावर थांबली.

“ह्यो पन गरम हाय.”

मग बोट तसंच ठेवून, माझ्याकडे न बघता, “मला झोप लागत नाय गं. छाती धडधडते. कोनाला बोलले नाय मी.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी तिला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या चालू आहेत. रात्री मी तिच्याकडेच झोपायला जाते.

अँप्लिफायरला झाकण अजून लावलेलं नाही. मामी म्हणते, राहू दे, हात पोचतो.