एका भोपळ्यावर परत घेतलेली लेक

चर्चमध्ये कुसाबाई प्रार्थनेला उभी राहिली की मागच्या बाकावरची मंडळी आरामात टेकून बसायची. आता लवकर सुटका नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मेथीवर कोणती कीड पडलीय, पाऊस कधी यावा, आणि मुख्य म्हणजे कधी थांबावा, शेजारच्या मळ्यातल्या कुत्र्याला अक्कल कशी द्यावी, हे सगळं ती देवबापाला नीट समजावून सांगायची. देवाला सगळं कळतं, हे तिला मान्य होतं. पण त्याला ते वेळेवर सुचेलच, याची तिला खात्री नव्हती.

नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला तिचा लहानसा मळा. मेथी, कोथिंबीर, कडेला शेवंती, आणि बांधावर भोपळ्याचा वेल. नवरा नवनाथ लवकर गेला. तेव्हापासून मळा, बाजार आणि घर तिने एकटीने ओढलं. बुधवारी गोदाकाठच्या, म्हणजे गंगेवरच्या बाजाराला जाताना भाजीची पाटी डोक्यावर असली की ती एक हात कायम वर धरायची. पाटी मुळीच हलत नसली तरी धरायची. "जरा मी घेते ना," असं लेक म्हणाली की उत्तर ठरलेलं, "तू पाडशील."

ही लेक म्हणजे रोहिणी, आणि तिची गोष्ट शहरातल्या तिच्या जुन्या दगडी चर्चमध्ये अजून चवीने सांगितली जाते.

कुसाबाईच्या पोटी मूल टिकत नव्हतं. रोहिणी जन्मली तीसुद्धा मूठभर. सिव्हिल हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलेली. कुसाबाईने काचेला कपाळ टेकलं आणि म्हणाली, "देवा, हिला जगव. ही तुझी." मुलगी जगली. पुढे कापणीचा सण आला. आपल्याकडच्या चर्चमध्ये या सणाला जो तो आपल्या कष्टातलं काही ना काही देवापुढे आणून ठेवतो. कुणी तांदूळ, कुणी ऊस, कुणी पाय बांधलेली कोंबडी. कुसाबाईने भोपळा आणला, आणि भोपळ्याशेजारी गोधडीत गुंडाळलेली लेक ठेवून ती जागेवर येऊन बसली. ठेवायचं ते ठेवलं, तिच्या लेखी विषय संपला. पाद्रीसाहेब हसले, त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि उपासना झाली.

पण उपासना झाली म्हणजे सण झाला असं नाही. त्यानंतर अंगणात सगळ्या वस्तूंचा लिलाव होतो. बोली लागते, वस्तू ज्याची त्याच्या घरी जाते आणि पैसे देवाच्या कामाला. लिलाव पुकारायचे सोमाकाका, मोठा गमत्या गडी. कोंबडी झाली, ऊस झाला, आणि काकांनी गोधडी उचलली. "बोला मंडळी, बोला! पांढरीशुभ्र गोधडी, आत माल ताजा!" अंगण हसलं. कुणीतरी थट्टेत बोली लावली, दुसऱ्याने वाढवली.

कुसाबाईच्या काळजाचं पाणी झालं. थट्टा आहे हे सगळ्या जगाला कळत होतं, फक्त तिला नाही. ती माणसं ढकलत पुढे आली. कनवटीला एक पैसा नव्हता. तिने ढिगातला भोपळा उचलला आणि काकांच्या छातीशी धरला. "ह्यो घ्या. लेक माझी द्या!"

"अहो बाई," सोमाकाका म्हणाले, "भोपळा पण देवाचाच झालाय आता!"

त्या दिवशी लोक पोट धरून हसले. देवाचाच भोपळा देऊन देवाचीच लेक परत नेली, अशी ती गोष्ट झाली. तेव्हापासून दर सणाला कुसाबाई बांधावरचा सगळ्यात मोठा भोपळा न्यायची आणि लिलावात स्वतःच परत घ्यायची. कुणी मध्ये बोली लावायचं नाही, असा जणू कायदाच झाला होता. आपला भोपळा दुसऱ्याच्या चुलीवर शिजणार, हे तिला सोसवायचं नाही. देण्यात तिने हात आखडता कधी घेतला नाही. फक्त दिलेलं घरी परत यायला हवं, एवढंच तिचं म्हणणं.

रोहिणी शिकली, शहरातल्या शाळेत शिक्षिका झाली. स्थळं येऊ लागली. आणि एके दिवशी मेथीच्या जुड्या बांधता बांधता ती म्हणाली, "आई, मला लग्न नाही करायचं. इगतपुरीच्या डोंगरात भगिनींचा एक प्रार्थनाश्रम आहे. मला तिथं जायचंय. कायमचं."

"काय करत्यात तिथं?"

"प्रार्थना. बाग सांभाळतात, आलेल्या-गेलेल्याचं बघतात. पण बराच वेळ देवापुढे शांत बसतात."

"गप बसायला येवढ्या लांब जायचं? हितं बांधावर बस की! मी काय तोंड दाबत नाय तुझं!"

रोहिणी हसली, पण डोळे हसले नाहीत. "तू हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही," ती म्हणाली.

झालं. कुसाबाईला वाटलं, लढाई इथेच संपली. हो म्हणायचंच नाही. रोहिणीनेही विषय पुन्हा काढला नाही. शाळेत जायची, भाकरी थापायची, आईचे पाय चेपायची. फक्त तिचं गुणगुणणं बंद झालं. जिंकूनही घरात असं सुनं सुनं का वाटतं, हे कुसाबाईला उमगेना.

मग तिने ठरवलं, पोरीच्या डोक्यात हे भरवलं कुणी, ते शोधायचं. शोधायला लांब जावं लागलं नाही. पाद्रीसाहेबांच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या पत्नी, पल्लवीबाई, शांत प्रार्थनेची बैठक घेत. रोहिणी तिथेच जायची. कुसाबाई पदर खोचून गेली. चार शब्द सुनावायचे आणि पोरीला घेऊन निघायचं, असा बेत. पण तिथे सगळे डोळे मिटून बसलेले. भांडायचं तरी कुणाशी? नाइलाजाने तीही एका कोपऱ्यात टेकली.

पल्लवीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हात मांडीवर उघडे ठेवा. आज काही मागायचं नाही. मनात जे येईल ते त्याच्या हातात ठेवायचं. आणि ठेवलं की पुन्हा उचलायचं नाही."

मागायचं नाही, तर मग प्रार्थना कसली? कुसाबाईने हात उघडे ठेवले. थोड्या वेळाने पाहिलं तर दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या. पुन्हा उघडल्या. मन रोहिणीकडे गेलं आणि मुठी आपोआप मिटल्या. पुन्हा उघडल्या, पुन्हा मिटल्या. शेवटी तिला स्वतःचाच राग आला. भांडण राहिलं बाजूला, निघताना ती पल्लवीबाईंना एवढंच म्हणाली, "बाई, माझ्या हातांना सवय नाय वो."

"माझेही मिटतात, मावशी," पल्लवीबाई म्हणाल्या. "रोज उघडायचे."

करायला गेली एक आणि झालं भलतंच. ती पुढच्या गुरुवारी गेली, त्याच्या पुढच्याही. लेकीला सोडवायला म्हणून आलेली बाई लेकीच्या आधी येऊन बसू लागली. लोक गालात हसले. ती मात्र जन्मात पहिल्यांदाच देवापुढे गप्प बसत होती, आणि गप्प बसल्यावर तिला आपलीच गोष्ट ऐकू येऊ लागली.

एका गुरुवारी ती तशी बसलेली असताना तिला सोमाकाकांचे ते शब्द आठवले. भोपळा पण देवाचाच. इतकी वर्षं तिला ती थट्टा वाटत होती. आता तिच्या ध्यानात आलं, की अरे, वेल देवाचा, पाणी देवाचं, लेकही देवाची. आपण त्याला त्याचंच देऊन त्याचंच परत आणलं, आणि तो काही बोलला नाही. रागावला नाही. उलट लेक आपल्याकडेच राहू दिली. त्या मूठभर जिवाची पहिली पावलं आपल्याच ओट्यावर पडू दिली. गोवर निघाला तेव्हा वाचवली. नवनाथ गेला त्या वर्षी ही पोर नसती, तर आपण वाचलो असतो का? दिलेली लेक देवाने एवढी वर्षं आपल्याच मांडीवर ठेवली, आणि आपण त्याचे साधे आभारही मानले नाहीत. सदा मागतच राहिलो.

कुसाबाई रडली. दुःखाने नाही. एखाद्याने किती दिलं होतं, ते उशिरा कळल्यावर माणूस जसं रडतं, तशी रडली. रडून झाल्यावर तिने खाली पाहिलं. हात उघडेच होते. "तूच बघ रे बाबा आता," ती पुटपुटली, आणि तिच्या सगळ्या आयुष्यातली ती सर्वांत छोटी प्रार्थना झाली.

घरी मात्र ती काही बोलली नाही. देवाला हो म्हणणं एकवेळ सोपं, पोरीच्या डोळ्यात बघून म्हणणं अवघड.

कापणीचा सण आला. यंदाचा भोपळा असा, की पाटी डोक्यावर चढवायला दोन माणसं लागली. उपासना झाली, लिलाव सुरू झाला. सोमाकाका आता म्हातारे झाले होते, खुर्चीत बसून पुकारत होते, पण जीभ तशीच तिखट. भोपळा पुढे आला. अंगण सवयीने गप्प झालं. सगळ्यांनी कुसाबाईकडे पाहिलं.

"बोला कुसाबाई! तुमचा भोपळा वाट बघतोय!"

कुसाबाईने दोन्ही हात मांडीवर ठेवले, उघडे.

"अहो, बोला की! का यंदा फुकटात पाहिजे?"

"नाय काका," ती म्हणाली. "यंदा परत न्यायचं नाय. दिलं ते दिलं."

कुणी हसलं नाही. पलीकडे बायकांमध्ये बसलेली रोहिणी ताडकन उठून उभी राहिली. भोपळ्याचं बोलणं भोपळ्यापुरतं नाही, हे तिला जेवढं कळलं तेवढं अंगणात दुसऱ्या कुणाला कळलं नसेल. सोमाकाकांनाही कळलं असावं, कारण पुढची बोली पुकारताना त्यांचा आवाज चिरकला. बोली लागली. पहिल्यांदाच कुसाबाईचा भोपळा दुसऱ्याच्या घरी निघाला. तो घेणाऱ्या घरच्या नव्या सुनेला कुसाबाईने वर आणखी सांगितलं, "गूळ घालून घाऱ्या कर, लय ग्वाड लागतोय." तेवढं सांगितल्याशिवाय तिला राहवलं नाही.

रोहिणी जवळ आली. कुसाबाईने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, मुका घेतला, आणि हात सोडले.

"जा," ती म्हणाली. "दिल्या घरी नांद, बाई. आन् त्याला सांग, आई लय लय आभारी हाय म्हणावं."

संध्याकाळी कुसाबाई रिकामी पाटी डोक्यावर ठेवून मळ्याकडे निघाली. बरोबर चालणारी रोहिणी गुणगुणत होती. सवयीने कुसाबाईचा हात पाटी धरायला वर गेला. धरण्यासारखं काही नव्हतंच. तिने तो खाली घेतला आणि लेकीला म्हणाली, "थांबू नको, गा पुढं."