राबाची रेघ

माझ्या मुलाने डोंगरावरच्या वाडीतल्या एका माणसाचा हात मोडला. निमित्त माझ्या नातीच्या कागदाचं.

नात मुरबाडला शेतकीचं शिकते. तिला राबाचा अभ्यास करायचा होता. उन्हाळ्यात पाला, फांद्या, शेण पसरून जमीन भाजतो, त्याला आम्ही राब म्हणतो. त्या भाजलेल्या जागेत भाताचं रोप जोमाने येतं. नात गावात आणि वाडीत घरोघर फिरली. मग कागदावर ठिपके आले. एक ठिपका म्हणजे एक घर. ठिपका जितका उजवीकडे, तितका राब जास्त. जितका वर, तितकं भात जास्त. सगळ्या ठिपक्यांतून कॉम्प्युटरने एक रेघ ओढली. ती खाली उतरत गेली.

मुलाने पडवीत कागद बघितला. "म्हंजे राब जास्त, त्याला भात कमी?"

"तसंच दिसतंय, बाबा."

"आन् वाडीवाले आमचं रान बोडकं करतात ते फुकटच!"

फांद्यांवरून गाव-वाडीचं भांडण जुनंच. आता त्याला कागद मिळाला. सकाळी गावचे गडी वर चढले. वाडीने रचलेले पाल्याचे ढीग ओढून वाटेवर पेटवले. एकजण आडवा आला. माझ्या मुलाने कुऱ्हाडीचा दांडा घातला, हाड कातडीबाहेर आलं. माझ्याबरोबर लावणीला येणाऱ्या बाईचा तो नवरा. ती सोडवायला धावली, तिच्या पोटात लाथ बसली. मुलगा घरी येऊन चहा मागू लागला. सदऱ्यावर रक्त होतं. मी चहा दिला नाही.

नात रडत होती. "रडून हाड जुळत नाय," मी म्हटलं. तिने कॉलेजच्या सरांना फोन केला. सर ओरडले. गाव आणि वाडी एकत्र का घातलीस, प्रत्येकाची रेघ वेगळी काढ.

तिने गावचे ठिपके निळे केले, वाडीचे लाल. वाडीची जमीन उतारावरची, मुरमाड. तिथे राब भरपूर घालावा लागतो, तरी भात कमीच. म्हणून लाल ठिपके उजवीकडे, खाली. आमची खाचरं गाळाची, म्हणून निळे डावीकडे, वर. पण लाल ठिपक्यांतून वेगळी रेघ ओढली ती चढत गेली. निळ्यांतलीही चढली. वाडीत काय, गावात काय, ज्याने राब जास्त घातला त्याला भात जास्त आलं होतं.

तो कागद घेऊन आम्ही दोघी वाडीवर गेलो. त्याच बाईने नातीला दगड मारला. भुवई फाटली.

"तुज्या पयल्या कागदानं माजा घरवाला मोडला. आता ह्यो जाळू काय? रोप कशावर टाकू, सांग गो!"

घरी परतलो तेव्हा लेकीचं रक्त बघून मुलाने पुन्हा कुऱ्हाड उचलली. मी दारात उभी राहिले आणि चुलीतलं लाकूड त्याच्या मनगटावर हाणलं. कुऱ्हाड पडली. नातीने त्याच्यासमोर कागद धरला, दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. मग त्याने स्वतःचं बोट त्या चढत्या रेघांवरून नेलं.

"आपला राब वाडीवर टाक," मी म्हटलं.

"आन् आपलं रोप?"

"मरू दे."

त्याने आमचे पाल्याचे भारे वर नेले. पोरांनी दगड मारले, एक कानाला लागला. गळ्यात हात बांधलेला तो माणूस नुसता बघत होता. बाईने पायाने भारे ढकलून पसरले आणि माझा मुलगा तिथून हलायच्या आत काडी लावली.

आमचं रोप त्या वर्षी पिवळं आलं. लावणीला ती बाई आली नाही. अजून येत नाही.