शून्य दाखवणाऱ्या फाइली

लग्नपत्रिकेच्या ताज्या शाईचा वास आला, की मला नव्वदच्या दशकातला सांगलीचा आमचा छापखाना आठवतो. साताऱ्याच्या एका चित्रकाराने वर्षभर खपून काढलेली अक्षरं आमच्या मॅकवर फाँट म्हणून होती. मॅक कायमचा बंद पडला, आम्ही पीसीवर आलो, आणि फाँटची उरली ती सर्व्हरवरची एकच प्रत. उघडून बघावं तर प्रत्येक फाइलीपुढे आकार शून्य! "रिकाम्याच हायत, उडवून टाका," मालक हताश होऊन म्हणाले. आमची प्रोग्रामर, जतकडच्या फौजीची मुलगी, ताडकन उठली. "आवं, थांबा! फौजी रेल्वेतनं उतरला, पर त्येची ट्रंक मागं सामानाच्या डब्यातच ऱ्हायली असंल तर?" मॅकची फाइल दोन भागांची असते आणि आपला पीसी नेटवर्कवरून पहिलाच भाग मागतो, हे तिने ओळखलं होतं. सर्व्हरवरून फाइल आणणाऱ्या प्रोग्रामला तिने दुसरा भागही मागायला शिकवलं. शून्यांच्या जागी आकडे आले, आणि संध्याकाळी पडद्यावर त्या चित्रकाराचा डौलदार 'श्री' उमटला. मालकांनी चक्क हात जोडले. श्रीला की तिला, कोण जाणे. आज आलेली पत्रिका वाचून झाली, तरी पाकीट टाकण्याआधी मी आत पुन्हा एकदा बघितलंच.