उजवा कौल

"वाक्य पुरं कर मेल्या, मग जा!"

आमच्या शेजारच्या काकींचं हे ठेवणीतलं वाक्य. दूधवाला "उद्या मी जरा..." म्हणत गाडीला किक मारू लागला, की काकी कुंपणाच्या दगडी गडग्यावरून हात घालून चावीच काढून घ्यायच्या. जरा काय, ते सांगितल्यावर चावी परत.

याला कारण काका. जन्मभर बोटीवर नोकरी करून घरी आले आणि एका दुपारी "अगं, जरा पंखा..." एवढं म्हणून आरामखुर्चीतच गेले. "लावू की बंद करू, अजून कळलेलं नाही रे!" काकी सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या. तेव्हापासून त्यांचा पंखा कायम एकवर. मधला मार्ग.

डॉक्टरांच्या कोरियन मालिका त्यांना दाखवल्या मी. हेतू उदात्त वगैरे नव्हता. दुपारी त्या मला झोपू देत नसत, एवढंच. मोबाईल नारळाला टेकवून काकी अंगणात ताटांवर आंबापोळीचा रस पसरू लागल्या, आणि माझी उरलीसुरली झोपही गेली. आता गडग्यावरून अख्खं कथानक यायचं.

"म्हातारी मरायला टेकलेय, पण केस बघ कसे विंचरलेत! डॉक्टर उशाशी बसलाय, हात धरलान तिचा. आपला डॉक्टर मान वर करीपर्यंत पुढचा पेशंट आत! आणि तिथं कोण वाक्य अर्धं टाकून जात नाही. सुनेला माफ करतात, मुलाला चार शब्द सांगतात, खिडकीबाहेर बर्फ पडतं, मग सावकाश डोळे मिटतात."

"काकी, खोटं असतं ते."

"म्हणून तर बघते. खरं बघितलंय मी."

पुढे काकींना धाप लागू लागली. हृदयाची झडप बदलायला हवी, नाहीतर फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मुलगा आखातातून रोज फोन करी, काकी हलेनात. आमच्याकडे असं काही अडलं की देवाला कौल लावतात. मूर्तीला चिकटवलेली कळी उजवीकडून पडली तर होकार, डावीकडून पडली तर नकार. मी म्हटलं, लावू या कौल.

"नको. तो देव हल्ली भिडेखातर सगळ्यांनाच उजवा देतो. त्यापेक्षा मालिकेतली आजी बरी. तिचंही हेच ऑपरेशन आहे. ती वाचली, तर मी जाते."

बरं, रोज एकच भाग बघायचा हा नियम. पुढचं आधी बघणं म्हणजे म्हणे चोरून कौल लावणं! शेवटी मुलानं मला गळ घातली, "दादा, तू तरी शेवट बघून सांग." मी दार लावून बसलो आणि उरलेले सगळे भाग बघून काढले. आजी गेली. बर्फात, वाक्य पुरं करून. मी असा हंबरडा फोडला की बायको धावत आली. "कोण गेलं हो?"

तसाच गडग्यापाशी गेलो.

"काकी, वाचली आजी! एकदम ठणठणीत!"

"मग डोळे का सुजलेत?"

"आनंदानं."

पत्त्यांत हुकूम हाती आला की माझे कान लाल होतात, हे अख्ख्या आळीला ठाऊक आहे. काकींनी माझे कान नीट बघून घेतले. मग म्हणाल्या, "बरं. उजवा धरते. बॅग काढ माळ्यावरची."

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर काकींनी बॉम्ब टाकला. "शेवट मी तुझ्या आधीच बघितला होता. चोरून."

"मग गेलात कशा?"

"एवढा मोठा घोडा माझ्यासाठी रडून रडून खोटं बोलायला आला. याहून उजवा कौल कुठला रे?"

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून मालिकांमधले किती म्हातारे पोचवले, गणती नाही. नाक शिंकरायला काकींचा पदर आणि माझं बनियन.

यंदाच्या मे महिन्यात मी गडग्याला टेकून पेपर वाचत होतो. पलीकडून काकींचा आवाज आला, "अरे ऐक, त्या पोळ्या जरा..."

मी पेपरातून मान न काढता म्हटलं, "वाक्य पुरं करा, काकी!"

कधी नव्हे ते काकी तावडीत सापडल्या, म्हणून मी खूश. उत्तराची वाट बघत राहिलो.

बर्फ नव्हतं. रणरणतं ऊन होतं, आणि केसही विंचरलेले नव्हते.

नातेवाईक जमल्यावर मला ताटांतल्या त्या पोळ्यांची आठवण झाली. उलटायच्या होत्या, की आत घ्यायच्या होत्या? मी सगळ्या पोळ्या उलटल्या, आणि मग एकेक ताट आत नेलं.

आत पंखा एकवर चालू होता.