काटेवाल्यांचं रविवारचं कोडं

शहाद्याच्या जिनिंगमध्ये ते कापूस मोजायच्या काट्यावर असत, म्हणून आम्ही त्यांना काटेवाले म्हणत असू. रविवारी काम आटोपलं की अंगावरचा कापूसही न झटकता ते वाचनालयात येत आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं उघडत. प्रत्येक सूचनेवर त्यांचा शेरा ठरलेला. आवडली तर, "वजनमा भरस." उगाच अवघड केलेली वाटली तर, "इन्हावर पानी मारेल शे." वजन वाढवायला कापूस भिजवणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

मला एक कबूल करायचं आहे. मी शाळेत मास्तर, म्हणून वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असे. त्यांच्या आधी सोडवल्याचं मनातल्या मनात मिरवायला मी कोडं शाईने भरून ठेवी आणि ते आले की काही ठाऊक नसल्यासारखा बसून राही. ते मुकाट्याने जुन्या पावतीच्या मागच्या बाजूला कोड्याची नवी चौकट आखून तिच्यात सोडवत. वर्षभर हे चाललं. मग मन खाऊ लागलं आणि एका रविवारी मी कोडं कोरं ठेवलं.

त्यांनी ते पाहिलं आणि काळजीने विचारलं, "मास्तर, तब्येत बरी शे ना?"

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. ते हसायला लागले.

"तुमनं अक्षर मी पोरेस्ना वह्यासवर देखेल शे. छापेल कोडं एक, अन् तुम्ही कोठे चुकनात ते दुसरं. माले दर रविवारी दोन भेटतस. आज एकच का?"

त्यांनी माझं पेन उघडून माझ्या हातात दिलं. चौथ्याच उत्तराला मी चुकलो, तेव्हा त्यांनी समाधानाने खुर्ची जवळ ओढली.